वहीशिवाय खडी

बाईंनी ट्रेमधली एक गोगलगाय उचलून टेबलावरून सरांकडे सरकवली. बोराएवढी, कोट्यवधी वर्षांपूर्वी दगड झालेली. पाठीवर पांढऱ्या शाईत बारीक आकडा होता, ४१२.

"ही सांगा, सर."

सरांना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. ज्या खुर्चीत बसून त्यांनी कॉलेजचा भूशास्त्र विभाग चालवला, तिच्यात आता बाई होत्या आणि सर समोर, पाहुण्यांच्या खुर्चीत, अवघडून. त्यांनी शंखाच्या तोंडात अडकलेला मातीचा कण नखाने खरवडला आणि समोरच्या दातांत धरून चावला.

"कचकच नाही. म्हणजे वाळू नाही, निव्वळ चिखल. पाचवा थर. राखेच्या पट्ट्याखाली हातभर." मग हसून म्हणाले, "दात अजून माझेच आहेत, मॅडम."

बाईंनी खाली पाहिलं. त्यांच्या मांडीशी टेबलाचा खण वीतभर उघडा होता. आत हिरव्या पुठ्ठ्याची, कोपरे उंदरांनी कुरतडलेली एक वही. ४१२, पाचवा थर, राखेखाली चाळीस सेंटिमीटर. अक्षर सरांचंच.

"बरं. पुढची."

सरांना वाटलं, बाई मोबाइल बघतायत. राग आला, तो त्यांनी गिळला. चाळीस वर्षं एकाच कड्याचे अकरा थर त्यांनी बोट बोट करत खरवडले होते. कुठला शिंपला कुठल्या थरातला, ते सगळं एका वहीत, शिंपल्यावर नुसता आकडा. पक्कं झाल्याशिवाय छापायचं नाही म्हणता म्हणता काहीच छापलं गेलं नाही आणि खोली रिकामी करण्याच्या गडबडीत वही गहाळ झाली. आता इमारतीत जागा पुरेना, म्हणून नोंद नसलेला सगळा माल फेकायचा हुकूम निघाला होता. सही तेवढी बाईंची व्हायची होती.

वही गेल्या महिन्यात जुनं कपाट हलवताना बाईंना मिळाली. त्यांनी ती कुणाला दाखवली नाही. मात्र आज सकाळी, थर सगळे तोंडपाठ आहेत म्हणत सरांचा रडवेला फोन आला, तेव्हा देऊन टाकायचं त्यांनी जवळजवळ ठरवलं होतं.

बारा शंख झाले. बाराही बरोबर. शेवटच्याला तर सरांनी दातही लावले नाहीत, तळहातावर तोलला आणि थर सांगून मोकळे झाले. म्हातारा पक्का आहे, हे बाईंना मनातल्या मनात कबूल करावं लागलं. त्यांचा हात वहीवर गेला.

"सर, तुम्ही मुलांना एक गोष्ट सांगायचात म्हणे. वही हरवलेल्या मुलीची."

सर एकदम खुलले.

"अहो, होती एक! दोन वर्षं कडे चढली, पोतंभर शिंपले आणले आणि परत येताना वही घातली नदीत. मला म्हणते, सर, सगळं डोक्यात आहे, एकेक विचारून बघा." सर गदागदा हसले. "म्हटलं, बाळ, डोकं हा काही पुरावा नाही. वहीशिवाय शिंपला म्हणजे खडी. तिच्याच हातांनी टाकायला लावले सगळे, कँटीनमागच्या चिखलात. अख्खा वर्ग गॅलरीत उभा! रडतेय काय, घमेली वाहतेय काय. पण सांगतो मॅडम, त्यानंतर वीस वर्षांत एकाही पोराने वही हरवली नाही."

"मग तिचं पुढे काय झालं?"

"कुणास ठाऊक. झालं असेल लग्नबिग्न. नावसुद्धा आठवत नाही आता."

नाव बाईंना आठवत होतं. लग्नाआधीचं होतं, पण त्यांचंच होतं.

त्यांनी हात काढून घेतला, खण गुडघ्याने लोटला आणि किल्ली फिरवली.

"बाराही छान सांगितलेत, सर. पण बरोबर की चूक, ते ठरवायचं कसं?"

सरांचं हसू ओठांवरच राहिलं. बाईंच्या प्रश्नाचं उत्तर त्यांनीच नुकतं हसत हसत दिलं होतं.

"मॅडम," ते म्हणाले, "सगळं फेका. माझं काही म्हणणं नाही. पाचव्या थरातले तेवढे राहू द्या. त्यातल्या चार जाती जगात दुसरीकडे कुठेच नाहीत हो."

"कुठल्या थरातले, सर?"

बाईंना बरं वाटलं. लाज वाटायला हवी होती, ती वाटली नाही.

बाईंनी बेल वाजवली. शिपाई घमेलं घेऊन दारातच उभा होता. "कँटीनमागेच ना बाई? पार घोटा घोटा चिखल झालाय तिकडे," असं म्हणत तो ट्रे उचलायला पुढे झाला.

"तू थांब. सर टाकतील."

सर उठले. टेबलावरचा एकेक ट्रे दोन्ही हातांनी उचलून त्यांनी घमेल्यात रिकामा केला. एक शंखही बाहेर सांडला नाही. सवय जात नाही. शेवटचा ट्रे त्यांनी खिडकीकडे वळून, जरा जास्तच वाकून रिकामा केला. मग शर्ट सारखा केला, चष्मा पुसला आणि कुणाकडेही न बघता दाराकडे निघाले.

बाई हुकुमावर सही करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"सर, खिसा."

शिपायाने घमेलं पुन्हा पुढे केलं.