पाचवा रकाना

सगळीकडे शून्य. पाचव्या रकान्यात साडेसहा.

नेवेन्काने आकडा पुसून पुन्हा भरला. साडेसहाच. तेल चाखणाऱ्या नऊ जणांपैकी आठांनी ‘दोष’ या ओळीत शून्य दिलं होतं. पाचवा रकाना दिन्कोंचा; बेटावर सगळे त्यांना बार्बा, म्हणजे काका, म्हणत.

तिने संगणकावरच्या तक्त्याला विचारलं.

मध्यक: शून्य.
प्रमाण विचलन: लाल.

बाटली स्प्लिट शहरातल्या संस्थेकडून चाखणाऱ्यांच्या मंडळाची परीक्षा घ्यायला आली होती. आकडे असे विखुरले, तर मंडळाची मान्यता जाणार. मग दर्जाच्या शिक्क्यासाठी बेटावरचं तेल बोटीत घालून दुसऱ्यांच्या दारात न्यायचं.

“त्याच्या जिभेवर तंबाखूचं शेत आहे,” याकित्सा सफरचंदाची फोड चावत म्हणाली. तीही मंडळातलीच. “अगं, हे तर माझ्या आईच्या घरातलं तेल. हुंगलं आणि मी एवढीशी झाले. आणि हा म्हणतो, सडकं.”

नेवेन्कानेही चाखलं होतं. तिलाही घरच आठवलं होतं.

तिने मागचे महिने काढले. पाचवा रकाना आणि बाकी सगळे, यांचा सहसंबंध.

जवळजवळ नाहीच.

जणू म्हातारा दुसऱ्याच कुठल्या तेलाचे आकडे लिहीत होता.

तेल चाखायचा निळा पेला तळहातावर कसा उबवायचा, हे तिला बार्बांनीच शिकवलं होतं. तरुणपणी ते बेट सोडून दूर इस्त्रियातल्या तेलघाण्यांवर राबायला गेले आणि केस पांढरे झाल्यावर परतले.

“बार्बा, जरा बसता?”

“उभ्यानेच सांग. बसलं की वाईट बातमी जड होते.”

“तुमचे आकडे इतरांशी जुळत नाहीत.”

“तेलाशी जुळतात का, बघितलंस?”

“ते तक्त्यात दिसत नाही. आठ जण एकीकडे आहेत, बार्बा.”

त्यांनी पडद्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे. तिने मान खाली घातली.

“म्हाताऱ्याचं नाक गेलं म्हणायचं,” ते म्हणाले. “एक कर पोरी. माझ्या बायकोला कळू देऊ नकोस. ती अजून मला हुंगायला लावूनच मासळी घेते.”

टोपी घालून ते गेले.

तिने रकाना निवडला. पुसला.

प्रमाण विचलन: शून्य. हिरवं.

इतका देखणा तक्ता तिने आजवर पाठवला नव्हता. तरी पाठवताना कानशिलं तापली होती.

पुढच्या आठवड्यात संस्थेतल्या बाईंचा फोन आला.

“आठही शून्य?”

“हो. एकमत आहे.”

“ते तेल आम्ही मुद्दाम बिघडवलं होतं. ऑलिव्ह महिनाभर समुद्राच्या पाण्यात बुडवून ठेवली होती.”

“पण... आमच्याकडे घरोघरी तशीच ठेवायचे.”

“तेच तर. जन्मापासून तेच खाल्लेल्याला तो कुजका वास म्हणजेच तेल वाटतं. तुमचा दोष नाही, पण मान्यता काढून घ्यावी लागेल.” बाईंचा आवाज मऊ झाला. “एकाच्या जरी नाकाला कळलं असतं, तरी बाकीच्यांना त्याच्या हाताखाली शिकायला देऊन मी वर्षभराची मुदत मिळवली असती. नीट आठवून सांगा. कुणालाच नाही कळलं?”

“कुणालाच नाही,” नेवेन्का म्हणाली.