मागे सरकणारं घर

२०२३ सालचा ऑक्टोबर. टोकियोजवळच्या ग्योतोकुमध्ये, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, रविवारी सकाळी सुप्रभाबाई घेवडा निवडत बसल्या होत्या, आणि समोर त्यांची सून कश्मिरा लॅपटॉपवर स्वतःच्या अब्रूचा पंचनामा वाचत होती.

"'चार तास झाले, दार उघडत नाही.' 'खेळ बिघडलेला आहे.' 'घर मागे मागे जातंय आणि मी वेडा होतोय.' आई, हा एकोणसाठावा अभिप्राय."

कश्मिराने वर्षापूर्वी नोकरी सोडून हा खेळ लिहिला होता. त्यात चित्र नाही, आवाज नाही, नुसते शब्द. खेळणाऱ्याने इंग्रजीत एक वाक्य लिहायचं, खेळाने पुढचं सांगायचं. एका अनोळखी घरात शिरायचं होतं. तिथे जिना शिंकायचा आणि कपाटात समुद्र घडी करून ठेवलेला असायचा. शुक्रवारी खेळ जगभर खुला झाला होता. जुन्या ऑफिसच्या साहेबांनी तिची जागा सोमवारपर्यंत राखून ठेवली होती. लोकांना खेळ आवडला नाही तर सोमवारी हो म्हणायचं, असं तिचं आणि नवऱ्याचं, सुशीलचं, ठरलं होतं.

"म्हणजे घरात कुणी पोचलंच नाही?" सुप्रभाबाईंनी विचारलं.

"पोचले ना. जपानमधले सगळे पोचले. आपल्याकडचेही. त्यांना आवडलाय. अडकलेत ते अमेरिका, इंग्लंड, स्पेनमधले."

"सर्व्हरचा प्रॉब्लेम असेल," सुशील केस पुसत म्हणाला.

"सर्व्हर काय माणूस बघून दार उघडतो?"

सुप्रभाबाईंच्या हातातली शेंग हातातच राहिली.

ऑगस्टात पुण्याहून आल्या आल्या खेळ पहिल्यांदा खेळल्या त्या त्याच. त्या सांगायच्या, कश्मिरा टाइप करायची. दाराशी चपलांचं कपाट आहे असं खेळाने सांगितलं, आणि पुढच्याच वाक्याला त्या थेट दिवाणखान्यात. "अगं, चपला घालून?" त्या म्हणाल्या होत्या. "घराने आत घेतलं तरी कसं मला?" कश्मिराला ते फार आवडलं. तिने अट घातली: पायातलं न काढता कुणी आत जाऊ लागलं, की घर एक पाऊल मागे सरकेल. मग भाजी निवडता निवडता दोघींनी ते कुठे कुठे सरकेल ते रचलं. मासळीच्या दुकानामागे, रेल्वेच्या फाटकापाशी, नदीच्या बांधावर. पुढे खेळ तपासायला दिला तो शेजारच्या मोरीसानना आणि जवळच्याच फुनाबोरी भागातल्या दोन मराठी कुटुंबांना. सगळ्यांनी पहिल्याच वाक्यात पायातलं काढून ठेवलं. घर मागे सरकतं, हे त्यांच्यातल्या एकालाही कधी कळलं नाही.

"कश्मिरा," सुप्रभाबाई म्हणाल्या, "ते लोक चपला काढत नाहीयेत."

सुशीलने नकळत आपल्या अनवाणी पायांकडे पाहिलं.

"माझ्यामुळे झालं हे," सुप्रभाबाई म्हणाल्या. "ती अट काढून टाक. येऊ देत बूट घालून."

चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी नळदुरुस्तीवाल्यालाही वहाणांसकट आत घेतलं नव्हतं.

"काढते. दोन मिनिटांचं काम आहे," कश्मिरा म्हणाली. पण तेवढ्यात साठावा अभिप्राय आला, आणि तो ती अगदी सावकाश वाचू लागली.

"'मी चौदा तास या घरामागे चालतोय. पहिले चार तास शिव्या दिल्या. मग फाटकापाशी ते माझ्यासाठी थांबलं. आता आम्ही दोघं नदीच्या बांधावर बसलोय. कृपा करून हे दुरुस्त करू नका.'"

त्याखाली अठ्ठावीस जणांनी लिहिलं होतं, 'मीही बांधावर आहे.'

कश्मिराने लॅपटॉप बाजूला सारला. गेल्या दोन दिवसांत पहिल्यांदाच तिचे खांदे खाली आले. "आई, बांधाच्या पुढे काही लिहिलेलंच नाही आपण. आता कुठे न्यायचं घराला?"

सुप्रभाबाईंनी अर्धा घेवडा तिच्या पुढ्यात सरकवला. "सुरी आण तुझी. बघू."

सोमवारी साहेबांना 'नाही' असं कळवलं गेलं. कश्मिरा सध्या तिसरा खेळ लिहितेय, आणि परदेशातल्या खेळाडूंच्या पत्रांना सुशील उत्तरं देतो. मोरीसाननी खेळ दोनदा पुरा केला, पण घर चालतं यावर त्यांचा अजून विश्वास नाही. सुप्रभाबाई नोव्हेंबरात पुण्याला परतल्या. दर रविवारी त्या फोनवर त्या घराला आणखी थोडा रस्ता सांगतात. चौदा तास चाललेला तो गृहस्थ टेक्सासचा निवृत्त पोस्टमन निघाला. दार कशाने उघडतं हे त्याला केव्हाच कळलं आहे, पण त्याने अजून बूट काढलेले नाहीत.