न जोडलेली बाही

रेशमावर सुई एकदाच चालते. उसवलं की भोकं उरतात. तरी थोरल्या नणंदेने साधासा रेशमी ब्लाऊज दोनदा उसवायला लावला होता. आता बाह्या न लावलेला तो ब्लाऊज घालून ती आरशासमोर उभी होती. भावजय तिच्यापासून दूर, खुर्चीत बसून सुटी बाही शिवत होती.

“भाऊरायाने मशीन आणली, शिवणारी आणायची राहिली.”

भावजयीने रागाने टाका आवळला.

“छातीत आवळतंय गं.”

दुसरा टाका. नणंद आरशाला धरून वाकली.

“बाही अजून जोडलेलीच नाही, वन्सं,” भावजय पुटपुटली. घाबरून तिने दोरा कापायला कात्री उचलली.

“माहेरी एवढंच शिकवलं का?” नणंद कशीबशी म्हणाली.

भावजयीने कात्री खाली ठेवली आणि पुढचा टाका सावकाश ओढला.