आईला राजधानी दाखवताना

राजवाड्याच्या पायऱ्या चढताना आईने मास्तरांची बाही घट्ट धरली. मास्तरांनी धरू दिली. एवढ्या गर्दीत म्हातारं माणूस चुकलं तर शोधायचं कुठे?

"आपलं हॉटेल कुठल्या रस्त्यावर आहे रे?" तिने विचारलं.

"किती वेळा विचारशील, आई?"

सकाळपासून तिचं हेच चाललं होतं. आपला आवाज चढला याचं मास्तरांना लगेच वाईट वाटलं. आजच्या दिवशी तरी तिच्यावर चिडायला नको होतं. राजधानी बघून झाली की संध्याकाळी तिला सांगायचं होतं, की आई, तुला आता इथेच राहायचं आहे. कसं सांगणार?

ठरवलं होतं धाकट्या बहिणीने. मागच्या महिन्यात ती माहेरी आली होती, तेव्हा गच्चीवर तिला नवऱ्याशी बोलताना मास्तरांनी ऐकलं. घरी सांभाळणं आता शक्य नाही, राजधानीत एक चांगली संस्था आहे, फिरायला म्हणून न्यायचं आणि तिथे पोचल्यावर काय ते सांगायचं. बोलता बोलता ती रडत होती. मास्तर दिसताच तिने डोळे पुसले आणि उन्हाळा किती वाढलाय, असं काहीतरी बोलू लागली. त्यानंतर त्यांच्यासमोर कुणी त्या विषयावर ब्र काढला नाही. पुढच्याच आठवड्यात आईने मात्र राजधानी बघायचा धोशा लावला. तिच्या डोक्यात हे कुणी भरवलं, ते मास्तरांनी ओळखलं. आणि सांगायचं वाईट काम थोरल्याच्या गळ्यात. घरोघरी मातीच्याच चुली.

बहिणीचं तरी काय चुकलं होतं? आई हल्ली एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायची. आज वार कोणता, सकाळी काय खाल्लं. समोर कॅलेंडर आहे, बघ की, असं मास्तर तिला म्हणायचे. मध्यंतरी गॅस चालूच राहिला होता. मास्तरांना पक्कं आठवत होतं, त्यांनी तो बंद केला होता. तरी त्यांनी आईला बोल लावला नाही.

दरबाराच्या दालनात मात्र मास्तर खुलले. जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, पण ही राजधानी त्यांनी पाहिली होती ती फक्त फळ्यावर, स्वतःच खडूने काढलेली. कुठल्या राजाने कुठल्या भावाला कैद केलं, कुठली राणी कुठल्या दारातून पळाली, सगळं तोंडपाठ. हळूहळू भोवती माणसं जमली आणि बाजूच्या गाइडचं तोंड एवढंसं झालं. आई सिंहासनाकडे बघतच नव्हती, ती मास्तरांकडे बघत होती.

"किती छान सांगतोस रे अजून," ती म्हणाली.

पुढच्या वस्तुसंग्रहालयात मास्तर एका तलवारीपाशी रेंगाळले आणि वळून बघतात तो आई गायब. ते या दालनातून त्या दालनात धावले. सगळी दालनं सारखीच होती आणि सगळ्या राजांच्या मिशाही सारख्याच. शेवटी एका पहारेकऱ्याने दंडाला धरून त्यांना बाहेरच्या बाकापाशी नेलं. आई तिथे बसली होती. रडून डोळे लाल झाले होते.

"एका जागी थांब म्हटलं होतं ना?" मास्तर ओरडले.

"चुकलं माझं," आई म्हणाली आणि रुमालाने त्यांचा घाम पुसू लागली.

जेवताना तिने आपल्या ताटातलं अर्धं त्यांच्या ताटात वाढलं. बहिणीला काय वाटायचं ते वाटो, असं त्यांच्या मनात आलं.

"आई, घरी जाऊ या का आपण?"

आईने हातातला घास ताटात ठेवला.

"नको रे. माझ्याच्यानं आता होत नाही," ती म्हणाली.

प्रवासाचं म्हणत असावी. खरंच, एवढा प्रवास तिला पुन्हा कसा झेपायचा? मास्तरांनी विषय सोडून दिला.

संध्याकाळी हॉटेलातून सामान घेऊन ते टॅक्सीत बसले. पत्ता आईच्या पर्समध्ये होता. तिनेच तो ड्रायव्हरला वाचून दाखवला. बहिणीने तो तिच्याच हाती द्यावा, याचा मास्तरांना संताप आला. बळीच्या बकऱ्यालाच वाट विचारायची?

संस्था स्वच्छ होती. बाहेर खुर्च्यांवर काही माणसं गप्प बसली होती. मास्तरांनी तिथल्या मुख्य बाईंना बाजूला घेतलं. आईला चहा गोड लागतो, तिला खिडकीजवळची खाट द्या, असं सगळं सांगून टाकलं.

"आणि तेच तेच विचारलं तरी चिडू नका. मी चिडायचो."

"नाही चिडणार," बाई म्हणाल्या.

मग मास्तर आईसमोर गुडघ्यांवर बसले. थोडेच दिवस इथे राहायचं, मी दर रविवारी येईन, असं त्यांनी तिला कसंबसं सांगितलं. ती रडेल, भांडेल, असं त्यांना वाटलं होतं. तिने त्यांचा चेहरा दोन्ही हातांत घेतला आणि नुसती मान हलवली. इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं.

"येतो मी," मास्तर म्हणाले.

पण उठली ती आई. मोठी बॅग तिने मास्तरांजवळ सरकवली, आपली पर्स खांद्याला लावली आणि दारापर्यंत गेल्यावर बाईंकडे वळली.

"रात्री उठून मला शोधत फिरतो तो," ती हळूच म्हणाली. "आई स्वयंपाकघरात आहे, असं सांगा. मग झोपतो."