नाकातलं इंग्रजी

"स्पीकरवर खोटं इंग्रजी बडबडलं तरी एकही पोट्टा थांबणार नाही. लावतो का शर्त?" देवीदास म्हणाला.

शामरावांनी चहाचा कप ओट्यावर ठेवला. "आपल्या पाऱ्यातले, मोहल्ल्यातले पोट्टे आहेत ते. ओळखतील बरोबर."

"काही ओळखत नाही. टिक मारतील, टिक."

दोघं शेजारी. रविवारची सकाळ, हाताले काम नाही. शर्त लागली. जो हरेल त्यानं संध्याकाळी भाजीबाजारात गळ्यात वांग्यांची माळ घालून पूर्ण फेरी मारायची, आणि कोणी विचारलं तर कारण खरं सांगायचं.

देवीदासचं साउंडचं दुकान होतं. तेलीबांध्यातल्या त्यांच्या कॉलनीत लग्न असो की गणपती, भोंगा त्याचाच. मंडळाच्या हॉलमधे मीरा मॅडम दर रविवारी अकरावीच्या पोरांकडून इंग्रजीची तयारी करून घ्यायच्या, तिथंही स्पीकर तोच लावायचा, फुकटात. परीक्षा अशी की आधी रेकॉर्डिंग ऐकायचं, मग पेपरवरचे प्रश्न वाचायचे आणि चारातल्या एका उत्तरावर टिक मारायची. रेकॉर्डिंगमधला साहेब नाकातून बोलायचा.

त्या दिवशी मॅडमना फोन आला. त्या बाहेर गेल्या. देवीदास स्टेजवर पडद्यामागे टपूनच होता. त्यानं रेकॉर्डिंग बंद केलं, माइकवर रुमाल टाकला, नाक दाबलं आणि सुरू झाला.

"मिष्टर ग्रॅम्पल फ्लॉशिंग द व्हॅडरी, बट डिस्क्रंबल वॉज शोल्डिंग अप..."

अर्थ त्यालेही माहीत नव्हता. अर्थ नव्हताच. तरी त्यानं तेच दोनदा म्हटलं.

शामराव पडद्याच्या फटीतून बघून राहिले होते. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. एकानं बाजूवाल्याच्या पेपरवर नजर टाकली, बाजूवाल्यानं पुढच्याच्या. मग सगळी डोकी खाली गेली आणि पेनं चालायला लागली.

"हरलो ना बे!" शामराव तोंडात गमछा कोंबून हसले. "जातो, वांगे घेऊन येतो."

वर्ग सुटला. देवीदास खुशीत वायर गुंडाळत होता, तेव्हा त्याले शेवटच्या बाकावर श्रावणी दिसली. समोरच्या घरातल्या भावना वहिनींची पोट्टी. मागच्या वर्षापर्यंत हिंदी मीडियमले होती, यंदा हट्टानं इंग्रजीत गेली. तिचा पेपर कोरा होता.

"काय झालं गं? घरी नाही जात?"

"काका, सबको समझ में आया," ती खाली बघूनच म्हणाली. "मुझे एक शब्द नहीं आया. दो बार बजा, फिर भी नहीं."

देवीदासच्या हातातली वायर थांबली.

"मैडम को बोल देना, मैं नहीं आऊँगी अब. परीक्षा भी नहीं देनी. वापस हिंदी में जाती हूँ."

आता सांगावं, तो मनात म्हणाला. तोंड उघडलंसुद्धा. बाहेर शामराव कोणाले तरी हसत हसत किस्सा ऐकवत होते.

"अगं, होते कधी कधी," एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

तिनं दप्तर उचललं आणि गेली.

दुपारी त्याच्या पुढ्यात रविवारचं मटण होतं. रस्स्यावर तेल गोठलं तरी तो पोळीच मोडत बसला.

"पोट दुखून राहिलं काय?" त्याच्या बायकोनं, मायानं विचारलं.

"हव," तो म्हणाला.

संध्याकाळी बाजाराच्या तोंडाशी शामराव माळ घालून तयार उभे होते. चांगली ताजी, काटेरी देठांची वांगी सुतळीत ओवली होती. देवीदासनं येताच ती त्यांच्या गळ्यातून काढली आणि आपल्या गळ्यात घातली.

"अबे, काय करून राहिला? तू तर जिंकला ना!"

"नाही जिंकलो. एकीनं टिक नाही मारली."

तो बाजारात शिरला. भाजीवाल्या खदखदा हसल्या. टमाटरवालीनं तिच्या छत्तीसगढीत विचारलं, "कइसे भैया, वांगे के बिहाव हे का?" "लगीन नाही बाई, शर्त हरलो," म्हणत तो पुढे सरकला. तो भावना वहिनींना शोधत होता. त्या लाल भाजीच्या ढिगाऱ्याशी उभ्या होत्या. श्रावणी पिशवी धरून बाजूले.

तो त्यांच्यापुढे जाऊन थांबला. मागे दहा-वीस माणसं गोळा झाली होती.

"वहिनी, सकाळचं रेकॉर्डिंग खोटं होतं," तो म्हणाला. "ते इंग्रजी नव्हतंच. मी होतो. शर्त लावली होती."

भावना वहिनींच्या हातातली जुडी तिथंच राहिली. "दुपारपासून पोट्टी जेवली नाही, देवीदास भाऊ."

त्यानं नाक दाबलं आणि तिथंच सुरू केलं, "मिष्टर ग्रॅम्पल फ्लॉशिंग द व्हॅडरी..." बाजार हसून लोळला. शामराव तर गुडघ्यावर हात टेकून हसत होते. देवीदासलेही जरा बरं वाटलं. त्यानं श्रावणीकडे पाहिलं.

ती डोळे मिटून ऐकत होती, परीक्षेत ऐकतात तशी.

"फिर से," ती म्हणाली.

त्यानं पुन्हा म्हटलं. या खेपेले हसू कमी आलं. शामराव सरळ उभे राहिले.

श्रावणीनं डोळे उघडले. "इसमें सच में कुछ नहीं है."

"तेच सांगून राहिलो, बाई. अख्ख्या वर्गात तुझाच पेपर बरोबर होता."

"और जिन्होंने टिक मारा, उनको बताया?"

देवीदासनं मान हलवली. नाही.

"संडे को बताना. मैं आऊँगी," तिनं आईच्या हातातली जुडी घेऊन पिशवीत टाकली. "माइक पे. अपनी आवाज़ में."