फाटकावरचा पहिला दिवस

क्वीन्सलंडच्या त्या माळावर गुरं निवडायचं फाटक क्लेमने चाळीस वर्षांत कुणाच्या हाती दिलं नव्हतं. धडधाकट जनावर उजवीकडे सोडायचं, उन्हाने डोळ्याशी कॅन्सर झालेलं डावीकडे. गुडघ्यांनी दगा दिला, तेव्हा कुठे त्याने नातीला, टेगनला, फाटकावर उभं केलं. "एक जरी नजरेतून सुटलं, तर फाटक परत माझं!"

संध्याकाळी शेवटची गाय गेली आणि तिच्यामागून क्लेम आत शिरला. टेगनने फाटक फिरवलं आणि आजोबांना डावीकडे, आजारी गुरांत कोंडलं.

"डोकं फिरलंय का तुझं, भवाने?"

"नाकावरचा तो चकचकीत फोड! तीन महिने झाले, खपली धरते, पडते, परत रक्त येतं."

"दाढी करताना कापलंय ते."

"नाकावर दाढी येते का, आजोबा?"

महिन्याभराने टाके काढताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कॅन्सरच होता. आपल्याकडे सर्रास होतो तो, सावकाश वाढणारा. मुळासकट निघालाय. कुणी ओळखला?"

ताज्या व्रणाचं नाक वर करून क्लेम म्हणाला, "माझ्या नातीनं. फाटकावर पहिलाच दिवस होता तिचा. एकही सुटू दिलं नाही पोरीनं."