मातीचे साठ शिपाई

ब्याऐंशी साली पांढुर्ण्याच्या एका गणेश मंडळाने लढाईच्या झाकीसाठी, म्हणजे देखाव्यासाठी, मातीचे वीत-वीतभर उंच साठ शिपाई करून घेतले आणि रंगवायला रामाकोन्याच्या श्रावण पेंटरला बोलावलं. जन्मभर त्याने दुकानांच्या पाट्या रंगवल्या, पण पाटीवर नाव कायम दुसऱ्याचं. या झाकीखाली मात्र त्याचं नाव लागणार होतं, आणि तसं तो बायकोला, चंद्रकलेला, छाती फुगवून सांगून आला होता.

"मोरेश्वरभाऊ," तो मंडळाच्या अध्यक्षाला म्हणाला, "आपल्यायले पिवळी पगडी देतो अन् दुश्मनाले जांभळी. दोन्ही रंग समोरासमोर कसे उठून दिसतीन!"

"रस्त्यावरून पगड्या कोनाले दिसतात बे? तोंडंच वेगळी कर. आपले गोरे, दुश्मन काळे."

"पन भाऊ, उन्हातान्हात लढनारे दोन्हीकडचे काळेच असतीन ना?"

"तू रंग लाव, श्रावण. लढाई आमाले नोको शिकवू!"

मंडळातले सगळे खो-खो हसले. हातचं नाव जाईल या भीतीने श्रावणही हसला.

तीस तोंडं गोरीपान झाली. मग उरलेल्या तीस दुश्मनांसाठी त्याने वाटीत गेरू आणि काजळी कालवली, आणि रंग जमला का ते पाहायला पेंटरच्या सवयीने मनगटामागे ब्रशचा एक फटकारा ओढला.



फटकारा कुठे ओढला, ते त्याचं त्यालाच दिसेना.